नऊ चौकोन जोडले की पाव इंच जातो कुठे? (वाकळ शिवायला बसलेल्या रिटायर टर्नरचा प्रश्न)

व्हर्नियर (अनगोळ, बेळगाव)

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) ३४ वर्षं काढली, २५ लेथवर (लोखंड कातायचं मशीन) आणि उरलेली ९ इन्स्पेक्शनला. मार्चमध्ये रिटायर झालो. शिवणकामातलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तुम्ही हसलात तरी मी मनावर घेणार नाही.

घरात आमच्या मंडळींचं पायमशीन आहे, लग्नात माहेरून आलेलं, काळं. दोन वर्षं त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी बसली होती, कारण शिवायला घेतलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं व्हायचं. दोन मिस्त्री येऊन बॉबीन केस बदलून गेले, जाळं काही जाईना. रिकामा होतो, मी उघडलं. दोष वरतीच होता. टेन्शनच्या दोन तबकड्यांमध्ये दोऱ्याचा जुना तुकडा रुतून बसलेला. त्यामुळं तबकड्या मिटत नव्हत्या, वरचा दोरा मोकळाच सुटत होता, आणि गुंता मात्र खाली दिसायचा. म्हणून सगळे खालीच शोधत बसले. तुकडा काढला, कापड ओढणाऱ्या दातांखाली नमद्यासारखा बसलेला मळ खरवडला, तेल दिलं.

मशीन झालं की ट्रायल घ्यायला नको? मंडळींनी चिंध्यांची पिशवी पुढं टाकली. एका चिंधीला दुसरी जोडली, तिला तिसरी. मशीन काय पळतंय बघत बघत अकरा फुटांची पट्टी झाली. मंडळी दारात येऊन म्हणाल्या, "हे काय, गणपतीच्या पताका?" म्हटलं, ट्रायल. ही ट्रायल रात्री साडेनऊला संपली, तीसुद्धा चिंध्या संपल्या म्हणून.

तिथून हा नाद लागला. आयुष्यभर चिंधी म्हणजे माझ्या लेखी बनियन वेस्ट, मशीनवर हात पुसून टाकायचं. आता कोपऱ्यावरच्या टेलरकडून कातरणाची पिशवी आणतो आणि घरी येईपर्यंत दम निघत नाही, वाटेतच तोंड उघडून बघतो. इन्सर्टचे (लेथच्या कापायच्या पात्यांचे) रिकामे डबे जपून ठेवले होते, त्यात रंगवार चौकोन लावलेत. गल्लीत कुणाच्या दोरीवर फुलाफुलांचा सुती गाऊन वाळत असला की मान वळते, आणि या वयात ते बरं दिसत नाही, असं घरून सांगण्यात आलंय. मंडळींच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा ढीग आहे. त्यातले सहा मी न विचारता कापले. त्यातला एक पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी ओटीत जायचा ठरलेला होता म्हणे. दोन दिवस माझा चहा मीच केला.

आता प्रश्न. व्हिडिओ बघून नऊ चौकोनांचा ब्लॉक करायला घेतला. अडीच इंची चौकोन, तीन आडवे, तीन उभे, शिलाईला कडेनं पाव इंच सोडायचा. हिशेब सरळ आहे. तीन गुणिले अडीच साडेसात, दोन शिलाया प्रत्येकी अर्धा इंच खाणार, उरले साडेसहा. शेजारी साडेसहा इंची अख्खा चौकोन, परत नऊवाला, असं आठ बाय दहा. म्हणजे नऊवाले ४०, छोटे चौकोन ३६०. अ‍ॅक्रिलिकचं टेम्प्लेट केलं, चारही बाजू व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं हत्यार) तपासल्या. ३६० कापले.

ब्लॉक साडेसहाचा येत नाही. सव्वासहा येतो. म्हणजे १६५ मिलिमीटर पाहिजे तिथं १५८, १५९, कधी १६०. बरं, सगळे सारखे छोटे आले असते तर अख्खे चौकोन त्या मापाचे कापले असते. पण एकाचं माप दुसऱ्याला नाही. आठ जोडले की कोपरे असे सरकतात, जसं काही प्यालेल्या माणसानं फरशी बसवली आहे. माझ्या हाताखालच्या पोरानं असा जॉब आणला असता तर मी टेबलावरून परत ढकलला असता.

दुसरं असं की, नमुना म्हणून चार ब्लॉकांचा वरचा थर, मध्ये जुनी चादर आणि खाली अस्तर असं एकत्र शिवून बघितलं. शिलाई संपताना वरचं कापड पायापुढं साठून चुण्या पडल्या, खालचं मात्र निघून गेलं. आणि मध्ये घालायचं काय? आपल्याकडं आता पाऊस लागला की चार महिने अंथरूण वाळत नाही. कापूस भरावा का?

काजबटण (वडगाव)

काका, हसले, पण तुमच्यावर नाही. माझी मुलं उठून बघायला आली एवढं त्या ओटीच्या ब्लाऊजपीसावर हसले.

मी वीस वर्षं ब्लाऊज शिवते. तुम्ही टेम्प्लेट मोजलं, कापड मोजलं, ब्लॉक मोजला. पण मशीनच्या पायाच्या, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो त्याच्या, कडेपासून सुई किती अंतरावर पडते ते मोजलं का? तुम्ही नक्की पायाची कड कापडाच्या कडेला लावून शिवताय आणि ते अंतर पाव इंच आहे असं धरून चाललाय. ते तसं नसतं. मशीन मशीनचा पाय वेगळा. दोरा न ओवता कागदावर चार टाके मारा, कागद सरळ कडेला धरून, आणि कड ते भोक मोजा. तुमच्याकडं तर त्याचं हत्यारच आहे.

आणि पाव इंच बरोब्बर असला तरी चालत नाही. शिलाई मारून कापड उलगडलं की घडीत आणि दोऱ्याच्या जाडीत थोडं कापड जातं. म्हणून पाव इंचाच्या दोराभर आत मारायची. बघायचं कसं ते सांगते. अडीच इंची तीन पट्ट्या उभ्या जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर दोन इंच दिसली पाहिजे. दिसली की मशीनच्या पाटावर त्या जागी चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून छोटी भिंत करा. कापड त्या भिंतीला घासत न्या. डोळ्यानं मोजत बसू नका.

ब्लॉक कमीजास्त येतायत त्याचं कारण दुसरं असणार. टेलरच्या पिशवीतलं कापड एक जातीचं नसतं. टू बाय टू, पॉपलीन, टेरीकॉट, पॉलिस्टर, सगळं त्यात. इस्त्रीखाली एक आकसतं, एक ताणतं. एकेक धागा काढून चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मणी झाला की ते बाजूला. त्याच्या उशीच्या खोळी करा.

इस्त्री कशी करताय? पुरुष माणूस शर्टावर फिरवतो तशी ढकलत असाल तर चौकोनाचा पतंग होणारच. उचलून ठेवायची, दाबायची, उचलायची. कापायच्या आधी कापडाला भाताच्या पेजेची पातळ खळ द्या. पुठ्ठ्यासारखं राहतं, ताणत नाही. आणि पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडं दाबल्या तर दुसऱ्या ओळीच्या उजवीकडं दाबा. दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात, कोपरा हलत नाही. हे एवढं केलं तरी निम्मं काम होईल.

चुण्यांचं रात्री लिहिते. आता गिऱ्हाईक आलंय.

सरळ_बोलतो

काका, बाजारात चारशे-पाचशेत मऊ ब्लँकेट मिळतं. ३६० तुकडे कापून परत जोडायचे हा उद्योग समजला नाही. वेळ जात नसेल तर सकाळी फिरायला जावं.

व्हर्नियर

सरळ_बोलतो, फिरून आलो. येताना टेलरकडून पिशवी आणली.

काजबटणताई, तुमच्या पाया पडायचं बाकी आहे. कागदावर टाके मारले. पायाची कड ते सुई, साडेसात मिलिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५. एका बाजूला १.१५ जास्त, एका शिलाईत दोन बाजू, ब्लॉकमध्ये दोन शिलाया, म्हणजे ४.६ मिलिमीटर तिथंच गेले. राहिलेला पावणेदोन तुमच्या त्या घडीत. बेरीज ६.३५. पाव इंच बरोब्बर! चोर सापडला तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

नवीन पोरगा लेथवर आला की त्याला मी पहिल्या दिवशी सांगायचो, जॉब मोजण्याआधी मशीन मोज. ३४ वर्षं सांगितलं आणि स्वतः मशीन सोडून बाकी सगळं मोजत बसलो. मंडळींना हे सांगितलं नाही अजून.

चिकटपट्टीच्या भिंतीऐवजी मी तीन मिलिमीटरची पत्र्याची पट्टी घासून पाटावर बसवली (पाटाला स्क्रूची दोन भोकं आयतीच होती, ती याच्यासाठीच असतात हे आता कळलं). तीन पट्ट्यांची परीक्षा घेतली, मधली ५०.६ आली. दोन इंच म्हणजे ५०.८. पास.

काडीची परीक्षाही घेतली. ३६० पैकी १३० मणी झाले. मंडळी म्हणतात घरात पंक्चरवाल्याच्या दुकानासारखा वास येतोय.

वाकळवाली (चिकोडीकडची, सध्या पुण्यात)

काका, तुमचं वाचून आज्जीची आठवण आली. ती हे वाचून म्हणाली असती, "बाप्या माणसाला कोण सांगितलंय एवढं मोजायला?"

आमच्यात ह्याला वाकळ म्हणतात. शेजारच्या कन्नड बायका कौदी म्हणायच्या, आणि दोघी मिळून एकच शिवायला बसायच्या. उन्हाळ्यात, सुगी संपली की, सारवलेल्या अंगणात खाली जुनं नऊवारी पसरायचं, दोन तुकडे मध्ये जोडून. चार कोपऱ्यांवर चार दगड. त्याच्यावर जुनी धोतरं, फाटकी चादर, विरलेलं लुगडं, जे असेल ते, खळगा दिसेल तिथं थोडं जास्त. आणि सगळ्यात वर तुकडे. बघा, इथं तुमची आणि आज्जीची गाडी वेगळी होते. आज्जी तुकड्याला तुकडा जोडत नव्हती. खालच्या अख्ख्या कापडावर तुकडा ठेवायची, कड आत दुमडायची, आणि धावदोऱ्यानं सगळे पदर एकदम धरायची. तुकडा बोटभर लहान निघाला तर शेजारचा बोटभर आत घ्यायचा. चूक झाली तर त्या तुकड्यापुरती, पुढच्याला तिचं काही देणंघेणं नाही. तुमची चूक आठ ब्लॉक चालत जाते, कारण तुमच्या प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याचाच आधार. तिच्या तुकड्याला खालच्या लुगड्याचा.

मोजमाप एकच, अंगठा. दोन ओळींत अंगठ्याएवढं अंतर. त्याहून लांब टाके घातले तर "ढिली वाकळ, पोराचं बोट अडकतंय" म्हणून उसवायला लावायची. मला लावलंय, तिसरीत असताना.

कापसाचं म्हणाल तर नको. पिंजलेला कापूस घातला आणि टाके दूर दूर पडले की पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जातात. आणि बेळगावच्या पावसात तो वाळायचाच नाही. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं, बैलगाडीत घालून. सुती कापडाचीच पाच पदरी वाकळ, पण भिजली की दोघींना पिळायला होत नाही, एकीनं एका टोकाला धरून दुसरीनं पीळ द्यायचा. कापूस असता तर नदीतच सोडून आलो असतो. जुन्या सुती साड्या, तीन पदर. अजून काही नको.

आणि एक. आज्जीचं एक इरकल लुगडं होतं, लाल पदराचं. आत्यानं हौसेनं तो पदर पांढऱ्या धोतराशेजारी लावला. पहिल्या धुण्यात सगळी वाकळ गुलाबी. आज्जी दोन वर्षं ती पाहुण्यांना देत नव्हती. लाल काही लावणार असाल तर आधी वेगळं धुऊन बघा.

काजबटण

लालचं खरं आहे. ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री दाबा, डाग आला की समजायचं. आमच्या वडगावात एवढे माग, तरी बायका अजून मीठ घालून भिजवतात. मिठानं सुटणारा रंग थांबत नाही. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, आणि चार वेळा धुऊनही येत नसेल तर ते कापड गोधडीत नको. अस्तर आणि चौकोनांचं कापडही शिवायच्या आधी एकदा धुवा, नाहीतर सुती कापड पुढं आटतं आणि शिवणीपाशी गोळा होतं.

आता चुण्या. काका, मशीनचे दात खाली असतात. ते खालचं कापड मागं ओढतात. वरून पाय नुसता दाबून बसलेला असतो, तो वरचं कापड अडवतो. एका पदराला हे जाणवत नाही. तीन जाड पदर झाले की खालचं पळतं, वरचं मागं राहून पायापुढं साठत जातं.

व्हर्नियर

थांबा ताई, म्हणजे ड्राइव्ह फक्त खालच्या बाजूला, वर नुसतं फ्रिक्शन? मग वर पण दात पाहिजेत.

काजबटण

असतात. वॉकिंग फूट म्हणून मिळतो, सुईच्या दांड्याला त्याचा एक हात अडकतो आणि सुईबरोबर तोही वरून कापड पुढं टाकतो. काळ्या मशीनला बसणारा मागा, नुसता वॉकिंग फूट म्हटलं तर दुसराच हातात देतील. तोपर्यंत पायावरचा दाब कमी करा, वरचा गोल स्क्रू सैल करून. टाका मोठा ठेवा, साधारण तीन मिलिमीटर. सुई १६ नंबरची घाला, १४ ची चार पदरांत वाकते. आणि आधी कच्चे टाके! तीनही पदर फरशीवर ताणून, कडेला चिकटपट्टीनं धरून, वीतवीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घाला. कंटाळा करू नका. कंबर दुखते, पण ते केलं नाही तर पुढं उसवताना जास्त दुखते. मग शिलाई मधल्या रेघेपासून सुरू करा आणि कडेकडं जा, म्हणजे सैल असेल ते बाहेर निघून जातं. कडेकडून आत आलात तर मध्ये ढेकूळ येतं.

हल्याळकर

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमच्या बाजूला नेमकं उलटं करतात.

आमचं गाव हल्याळ तालुक्यात, बेळगावहून खानापूर ओलांडून जंगलात. इकडं सिद्दी लोकांची वस्ती आहे. मूळ आफ्रिकेतले, पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणले गेलेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, थोडे तुमच्या खानापूर तालुक्यातही. आमच्याशी कोकणी-मराठीत बोलतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. वाकळीचीच बहीण, पण शिवायची तऱ्हा वेगळी. खाली साडी अंथरून एका कोपऱ्यातून सुरुवात. कडेकडेनं तुकडे लावत, धावदोरा घालत पूर्ण फेरी मारायची, मग आतली फेरी, मग त्याच्या आतली. शेवटचा टाका मध्यावर पडतो. आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बाहेर काढतात, त्याला फुलं म्हणतात. फुलं नसतील तर ती कवंदी त्यांच्या लेखी उघडीबोडकी.

लहानपणी दुपारी एका घराच्या ओट्यावर बसून मी हे तासन् तास बघितलंय. पट्टी नाही, खडू नाही. एकदा विचारलं, पुढचा तुकडा कुठला ते कसं ठरवता? म्हाताऱ्या बाईनं पिशवीत हात घातला, एक निळा तुकडा काढून ठेवला, जरा बघितलं, काढला, पिवळा ठेवला. हेच उत्तर. मध्ये ढेकूळ आलेली कवंदी मात्र मी एकही बघितली नाही. तेव्हा काजबटणताई म्हणतात ते चुकीचं, की काय?

व्हर्नियर

हल्याळकर, तुमच्यामुळं रात्री झोप लागली नाही. मधून बाहेर बरोबर की बाहेरून मध्ये? दोन्ही बरोबर कसं असेल? पहाटे चारला उठून मंडळींच्या दोन साड्या (या वेळी विचारून) फरशीवर अंथरल्या आणि दोन्ही करून बघितलं, हातभर तुकड्यावर.

माझं असं मत झालं. माझ्या पद्धतीत वरचा थर आधीच पूर्ण शिवून तयार आहे. त्याचं माप ठरून गेलंय. तो खालच्यावर टाकला की जिथं सैल आहे ते सैल कुठंतरी जायलाच पाहिजे, म्हणून मधून बाहेर. सिद्दी बायकांच्या पद्धतीत वरचा थर अजून जन्मालाच आलेला नाही. टाका जिथं पोचला तिथं तुकडा ठेवायचा, त्याच वेळी त्याचं माप ठरतं. सैल साठायला वरती अख्खं कापडच नाही. खालची साडी तेवढी ओला हात फिरवल्यासारखी निपटत न्यायची, ते काम डावा हात करतो. शेवटचा मधला तुकडा राहिलेल्या भोकाच्या मापाचा कापायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर आम्ही सगळे पार्ट ड्रॉइंगप्रमाणं आधी करून असेंब्लीला बसतो, त्या बायका जागेवर फिट करून पुढं जातात. असेंब्लीला आलं की आमची बोंब कळते. त्यांची बोंब होतच नाही.

वाकळवालीताई, तुम्ही आज्जीच्या लुगड्याच्या आधाराचं लिहिलंत तेच हे. तुम्ही आधीच सांगितलं होतं, मला पहाटे चारला कळलं.

काजबटण

मान्य. मी मशीनचं सांगत होते, ते हाताचं सांगत होते. काका, पहाटे चारला साड्या अंथरता, मंडळींना माझा नमस्कार सांगा.

वाकळवाली

तुम्ही कोणती करणार मग?

व्हर्नियर

दोन्ही चालू आहेत.

नऊ चौकोनवाली मशीनवर. मणी झालेले काढून टाकल्यावर चौकोन उरले २३०. खळ देऊन नवीन कापले, ४० ब्लॉक पूर्ण केले. परवा मोजले. ४० पैकी ३३ ब्लॉक साडेसहाला अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं. सात रिजेक्ट होते, त्यांच्या शिवणी उसवून परत घेतल्या. उसवताना एक गोष्ट कळली, ब्लेडनं उसवू नका, दोऱ्याचा प्रत्येक चौथा टाका कापून उलट्या बाजूनं दोरा ओढला की सलग निघतो. मंडळींनीच दाखवलं. त्या म्हणे हे सहावीत शिकल्या.

दुसरी हातानं, खाली साडी, कडेनं फेरी. पहिल्या दिवशी एका तासात सोळा टाके, त्यातले दोन बोटात. अंगुस्तान घालायची सवय नाही, जाड सुई अंगठ्यावर दाबायची आणि दाबलेला अंगठा मग दोन दिवस व्हर्नियरही धरत नव्हता. आता जरा बरं आहे. मला वाटलं होतं ही माझी एकट्याची राहील. पण काल दुपारी अंघोळ करून आलो तर मंडळी तिथं बसलेल्या. माझा जांभळा तुकडा काढून तिथं त्या कापलेल्या ब्लाऊजपीसातला उरलेला, मोरपंखी, लावलेला. म्हटलं, तो तर ओटीचा. म्हणाल्या, "तुम्ही कापलाच आहे, आता कुणाच्या ओटीत जातो तो." आणि तुकडा दीड बोट तिरका लावलाय. मी काही बोललो नाही. बसवून बघितलं, तिथं तिरकाच बरा दिसतो.

शेजारच्या अव्वा (कन्नड आज्जी) रोज संध्याकाळी येऊन बघतात. कन्नडमध्ये काहीतरी म्हणतात, मंडळी हसतात, मला सांगत नाहीत. काल एवढं कळलं की दुसऱ्या फेरीतली माझी एक ओळ ढिली आहे.

मध्ये तीन जुन्या सुती साड्या घातल्या, सांगितल्याप्रमाणं. लाल एकच आहे, पाच वेळा धुतली, फडक्यावर डाग नाही.

आता काजबटणताई, मशीनवालीचा शेवटचा प्रश्न. कडेला पट्टी लावायची आहे, अडीच इंच रुंद, दुहेरी घडी घालून. सरळ कडेला जमतंय. कोपऱ्यावर वळताना घडी कशी घालायची, की ४५ अंशाची रेघ बरोबर कोपऱ्यात पडेल? मी तीन वेळा केलं, तिन्ही वेळा रेघ दोन मिलिमीटर बाहेर. पाव इंच राहिला असताना शिलाई थांबवायची असं कुठंतरी वाचलं, पण थांबून कापड नेमकं कुठल्या बाजूला उचलायचं ते समजेना. सकाळी नऊच्या आत सांगितलंत तर बरं. मंगळवारी आमच्याकडं नऊला लाईट जाते. मशीन पायाचं आहे, त्याला फरक नाही, पण इस्त्री थांबते.